शिदोरी की खानावळ : प्रोग्रामला लायब्ररी जोडण्याचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचं नाव थोडं हलकंफुलकं आहे. पण हा विषय २०१२ च्या पावसाळ्यात आम्हाला अजिबात हलका वाटला नव्हता.

तेव्हा आम्ही चौघांनी मिळून एका पतसंस्थेसाठी हिशोबाचा प्रोग्राम लिहिला होता. सी++ मध्ये लिहिलेला, आमच्याकडच्या यंत्रांवर महिनाभर तपासलेला. सीडी घेऊन आम्ही एसटीने त्या तालुक्याच्या गावी गेलो, संस्थेच्या संगणकावर प्रोग्राम चढवला, आयकॉनवर दोनदा क्लिक केलं आणि पडद्यावर एक छोटी चौकट आली. एमएसव्हीसीआर१०० डॉट डीएलएल नावाची फाइल या संगणकावर नाही, सबब प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही, असा तिचा मतितार्थ. मॅनेजरसाहेब मागेच उभे होते. "सगळं आणलंय ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. "हो साहेब, सगळं आणलंय," आम्ही म्हणालो.

ते खरं नव्हतं. ती फाइल आम्ही लिहिलेली नव्हती, आणि आमच्या प्रोग्रामला ती लागते हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आमच्या यंत्रांवर ती कंपायलरबरोबर आपोआप आलेली, त्यामुळे तिची उणीव कधी भासलीच नाही. हात हलवत परत आलो. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये ‘/एमडी’ होतं तिथे ‘/एमटी’ केलं, म्हणजे एक अक्षर बदललं, आणि प्रोग्राम पुन्हा बांधला. फाइल थोडी फुगली. पुढच्या खेपेला प्रोग्राम पहिल्या क्लिकला उघडला.

त्या एका अक्षराच्या मागे फार जुना वाद आहे. तो आज आपण पाहणार आहोत.

आधी वाद कशाबद्दल आहे ते नीट समजून घेऊ. आपण प्रोग्राम लिहितो तेव्हा त्यातलं बरंचसं काम आपण करतच नाही. आकडा पडद्यावर छापणं, फाइल उघडणं, मेमरी मागून घेणं, वर्गमूळ काढणं ही कामं आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली असतात. आपला ‘मेन’ सुरू होण्याआधीची मांडामांड आणि तो संपल्यावरची आवराआवरसुद्धा तिथेच होते. या सगळ्याला रनटाइम लायब्ररी म्हणतात. आता प्रश्न असा, की ही लायब्ररी आपल्या प्रोग्रामला कधी जोडायची? बांधतानाच तिची नक्कल आपल्या फाइलमध्ये घालून टाकली तर ते स्टॅटिक लिंकिंग. प्रवासाला निघताना शिदोरी बांधून नेण्यासारखं. आणि ‘मला अमुक लायब्ररी लागेल’ एवढीच नोंद फाइलमध्ये ठेवली, प्रत्यक्ष जोडणी ज्या संगणकावर प्रोग्राम चालेल तिथे, चालवतेवेळी केली, तर ते डायनॅमिक लिंकिंग. हे खानावळीच्या भरवशावर निघाल्यासारखं. खानावळ चांगली असेल तर ओझं कमी, रोज ताजं जेवण. बंद असेल तर उपास. आम्हाला त्या दिवशी उपास घडला.

बऱ्याच पाठ्यपुस्तकांत हा इतिहास ‘आधी स्टॅटिक होतं, मग सुधारणा होऊन डायनॅमिक आलं’ असा सरळ रेषेत सांगितलेला असतो. आम्हाला हे पटत नाही. दोन्ही कल्पना फार लवकर आल्या, आणि पारडं कुठे झुकलं ते त्या त्या काळी महाग काय होतं यावर ठरत गेलं.

सुरुवात केंब्रिजपासून करावी लागते. ६ मे १९४९ रोजी तिथल्या गणित प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या चमूने बांधलेल्या एडसॅक या यंत्राने पहिला प्रोग्राम चालवला. पाऱ्याने भरलेल्या नळ्यांमध्ये ध्वनिलहरी फिरत ठेवून केलेली त्याची मेमरी सुरुवातीला ५१२ शब्दांची होती, प्रत्येक शब्द १७ बिटांचा. आजच्या मापाने जेमतेम एक किलोबाइट. प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायचा. पहिले काही आठवडे झाले आणि विल्क्स यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. जिन्याने खालीवर करताना त्यांना एकदम जाणवलं, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. आज जो कोणी हे काम करतो त्याला हे वेगळं सांगायला नको.

यावरचा एक उपाय असा, की जे काम पुन्हापुन्हा लागतं ते एकदाच लिहायचं, नीट तपासायचं आणि सगळ्यांनी तेच वापरायचं. ही व्यवस्था प्रामुख्याने डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने उभी केली. प्रयोगशाळेत एक पोलादी कपाट होतं. त्याच्या खणांत छोट्या छोट्या कागदी पट्ट्या ठेवलेल्या, प्रत्येक पट्टीवर एक सबरुटीन. भागाकाराची एक, ज्या-कोज्यांची एक, आकडे छापण्याची एक. १९५१ पर्यंत अशी ८७ सबरुटीनं तयार होती. ज्याला जी हवी ती पट्टी त्याने काढायची, नक्कल करणाऱ्या यंत्रावर तिची भोकं आपल्या पट्टीवर उमटवून घ्यायची आणि मूळ पट्टी परत खणात ठेवायची.

लक्षात आलं ना? हे स्टॅटिक लिंकिंग आहे, अगदी हाताने केलेलं. लायब्ररी हा शब्दही त्यांनी उगाच वापरलेला नाही, ते खरोखरच ग्रंथालयासारखं कपाट होतं. फरक एवढाच की पुस्तक वाचून परत करायचं नाही, नक्कल करून घ्यायची.

पण यात एक पेच होता. भागाकाराची पट्टी लिहिणाऱ्याला, ती मेमरीत कुठे जाऊन बसेल हे कसं कळणार? एकाच्या प्रोग्राममध्ये ती ५६ व्या घरापासून बसेल, दुसऱ्याच्या २०० व्या. आतल्या सगळ्या ‘अमुक घरात जा’ या आज्ञा मग चुकणार. व्हीलर यांनी याची सोय एडसॅकच्या ‘इनिशियल ऑर्डर्स’मध्ये केली. यंत्र चालू करताच मेमरीत येणाऱ्या या मोजक्या आज्ञा, पहिल्या आवृत्तीत ३१, सप्टेंबर १९४९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ४१. पट्टीवरच्या प्रत्येक आज्ञेच्या शेवटी एक अक्षर असायचं. त्या अक्षरावरून यंत्राला कळायचं, की या पत्त्यात सबरुटीनच्या सुरुवातीचा पत्ता मिळवायचा आहे की नाही. म्हणजे पट्टी वाचता वाचताच पत्ते दुरुस्त होत. आजचा कोणताही लिंकर उघडून पाहा, त्याच्या पोटात हेच काम चाललेलं दिसेल. ४१ आज्ञांत हे बसवलं याचं आम्हाला आजही कौतुक वाटतं.

आणि याच कपाटात पुढच्या सगळ्या भांडणाचं बीजही आहे. समजा खणातल्या एका पट्टीत चूक सापडली आणि कोणी तिथे दुरुस्त पट्टी आणून ठेवली. ज्यांनी आधीच नकला करून नेल्या त्यांच्या पट्ट्यांचं काय? त्या आपोआप दुरुस्त होत नाहीत. केंब्रिजच्या एका खोलीत हा प्रश्न मोठा नव्हता, कारण सगळी मंडळी दुपारच्या चहाला भेटण्याइतकी जवळची होती.

अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास युनिव्हॅकसाठी ए-झिरो नावाची पद्धत केली. सबरुटीनं चुंबकीय फितीवर, प्रत्येकाला क्रमांक. प्रोग्रामरने क्रमांक लिहून द्यायचे, यंत्र ती फितीवरून गोळा करून एकत्र बांधणार. त्यांनी याला कंपायलर म्हटलं. मराठीत आपण कवितांचं संकलन म्हणतो ना, तोच मूळ अर्थ, इकडून तिकडून गोळा करून एकत्र मांडणं. आज ज्याला आपण लिंकर म्हणतो, त्याच्या कामाला पहिल्यांदा कंपायलर हे नाव मिळालं ही या इतिहासातली एक मौज.

आता दुसरी कल्पना. १९६५ मध्ये एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मल्टिक्स ही प्रचंड महत्त्वाकांक्षी प्रणाली आखली. एका संगणकावर शेकडो माणसं एकाच वेळी काम करणार, वीज किंवा टेलिफोनसारखी ती एक सार्वजनिक सेवा असणार. तिथे प्रत्येकाच्या प्रोग्राममध्ये त्याच त्या लायब्ररीची नक्कल ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं. मग मल्टिक्सने जोडणी पुढे ढकलली. प्रोग्राम चालू लागायचा, एखादं सबरुटीन पहिल्यांदा बोलवायची वेळ आली की अडखळायचा, प्रणाली मध्ये पडून ते सबरुटीन शोधून जोडून द्यायची आणि मग गाडी पुढे. एकदा जोडलं की पुन्हा अडखळणं नाही. डायनॅमिक लिंकिंग ही कल्पना इतकी जुनी आणि इतकी पूर्ण होती.

मग ती लगेच सगळीकडे का पसरली नाही? कारण मल्टिक्स लांबत गेलं, १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतलं, आणि तिथल्या केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी एका लहान यंत्रावर युनिक्स उभं करायला घेतलं. मल्टिक्सकडून त्यांनी पुष्कळ घेतलं, हे मात्र घेतलं नाही. नोव्हेंबर १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकात ‘एलडी’ हा लिंकर आहे, ‘एआर’ हा सबरुटीनांचं गाठोडं बांधणारा प्रोग्रामही आहे. लिंकर त्या गाठोड्यातून लागतील तेवढेच तुकडे काढून प्रोग्राममध्ये घालतो. म्हणजे केंब्रिजचं कपाटच, पण यंत्राच्या आत. प्रोग्रामही लहान, लायब्ररीही लहान, मग नकला झाल्या म्हणून बिघडलं काय? हे सुमारे पंधरा वर्षं सुखाने चाललं.

बिघडलं ते खिडक्यांमुळे. १९८० च्या दशकात वर्कस्टेशनवर चित्रमय पडदे आले. खिडकी काढणं, बटण दाबलेलं दाखवणं, अक्षरं उमटवणं यासाठी लागणाऱ्या लायब्ऱ्या अवाढव्य होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ दाखवणाऱ्या एवढ्याशा प्रोग्राममध्येही त्यांची मोठी नक्कल जाऊन बसायची. सनचं सन-३/५० हे वर्कस्टेशन ४ मेगाबाइट मेमरीचं. पाच खिडक्या उघडल्या की त्याच त्या मजकुराच्या पाच नकला. सिस्टिम व्हीच्या तिसऱ्या आवृत्तीने १९८६ मध्ये एक मधला मार्ग काढला होता. लायब्ररी सगळ्यांत एकच, पण प्रत्येक लायब्ररीला मेमरीतला ठरलेला पत्ता. तलाठ्याकडे सातबारा असावा तशी कुठली जागा कोणाची याची यादी सांभाळत बसायचं. लिनक्सनेही सुरुवातीची काही वर्षं हेच केलं, आणि नवी लायब्ररी आली की जागेसाठी नोंदणी करावी लागायची. लायब्ररी वाढली आणि शेजारच्याच्या जागेत घुसली तर काय होतं, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

सनच्या अभियंत्यांनी १९८७ मध्ये युसेनिक्सच्या परिषदेत एक शोधनिबंध वाचला आणि १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये तो प्रत्यक्षात आणला. लायब्ररीचा मजकूर असा बांधायचा की तो मेमरीत कुठेही बसला तरी चालेल, म्हणजे मजकुरात हात न घालता तो सगळ्यांत वाटता येईल. प्रत्येक प्रोग्रामपाशी फक्त पत्त्यांचे छोटे तक्ते वेगळे. हीच रचना पुढे एल्फ या फाइल-प्रकारात पक्की झाली आणि १९९५ च्या सुमारास लिनक्सनेही ती घेतली. आज तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तीच आहे.

इथे थोडं थांबू. सनने हे केलं ते मुख्यतः जागा वाचवण्यासाठी, मेमरी आणि डिस्क महाग होती म्हणून. पण त्याबरोबर एक दुसरी गोष्ट हाती आली, जी आमच्या मते अधिक मोठी ठरली. लायब्ररीत चूक सापडली तर एक फाइल बदलायची, आणि तिच्यावर विसंबलेले सगळे प्रोग्राम पुढच्या वेळी दुरुस्त होऊन उठणार. केंब्रिजच्या कपाटाला जे जमत नव्हतं ते जमलं. पण याचीच दुसरी बाजू अशी, की प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातातून काहीतरी निसटलं. त्याचा प्रोग्राम आता त्याच्या अपरोक्ष बदलू शकत होता.

अपरोक्ष बदल म्हणजे काय, याचा धडा विंडोजवाल्यांनी १९९० च्या दशकात सर्वांत कडू घेतला. विंडोजमध्ये डीएलएल पहिल्यापासून होत्या. नवा प्रोग्राम घालायचा, त्याचा इन्स्टॉलर आपल्याबरोबर आणलेल्या डीएलएल सिस्टिमच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकायचा, आणि तिथे आधी असलेल्या त्याच नावाच्या फाइलवर आपली चढवायचा. कधी नव्यावर जुनी. मग काल चालणारा तिसराच प्रोग्राम आज बंद. याला लोकांनी ‘डीएलएल हेल’ म्हटलं, आणि ज्यांनी तेव्हा संगणक दुरुस्तीची कामं केली त्यांना हा शब्द सौम्य वाटेल. विंडोज २००० ने सिस्टिमच्या फाइलींवर पहारा बसवला, २००१ मध्ये एक्सपीने एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय केली, आणि व्हिज्युअल सी++ च्या प्रत्येक आवृत्तीबरोबर रनटाइमचं नाव बदलत गेलं. आमच्या पतसंस्थेत जी सापडली नाही, ती त्यातलीच शंभर क्रमांकाची, २०१० च्या आवृत्तीची.

मग साहजिकच लोक म्हणू लागले, त्यापेक्षा शिदोरी बरी. पण शिदोरीलाही तिचे नियम आहेत. विंडोजमध्ये प्रोग्राम आणि त्याची एखादी डीएलएल अशा दोघांनीही सी रनटाइम स्टॅटिक जोडला, तर एकाच प्रोग्राममध्ये रनटाइमच्या दोन नकला होतात, आणि प्रत्येकीची मेमरीची वही वेगळी. एकीने मागितलेली मेमरी दुसरीने परत करायला घेतली की सगळं कोसळतं. आम्ही यात दोन रात्री घालवल्या आहेत, तपशील सांगत बसत नाही.

कायद्याचाही एक धागा आहे, तो पटकन सांगून पुढे जाऊ. एलजीपीएल परवान्याची लायब्ररी स्टॅटिक जोडून बंदिस्त प्रोग्राम विकायचा असेल, तर घेणाऱ्याला ती लायब्ररी बदलून प्रोग्राम पुन्हा जोडता येईल एवढी सामग्री द्यावी लागते. दुरुस्तीचा हक्क इथे वकिलांनीही ओळखला होता. जीसीसी कंपायलरच्या स्वतःच्या रनटाइमला मात्र २००९ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलेली सवलत आहे, म्हणून तो निर्धास्त आत घालता येतो.

आता ते वर्ष, जिथे शिदोरीची खरी किंमत कळली. मार्च २००२. झेडलिब ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, ज्याँ-लू गायी आणि मार्क अॅडलर यांनी लिहिलेली. छोटी, चोख, फुकट. म्हणून ती ज्याने त्याने आपल्या प्रोग्राममध्ये घालून घेतलेली. १.१.३ या आवृत्तीत अशी चूक सापडली, की खास बनवलेल्या फाइलने एकच मेमरी दोनदा परत केली जाई, आणि त्यातून हल्ल्याला वाट मिळू शकत होती. १.१.४ मध्ये दुरुस्ती आली. ज्यांनी डायनॅमिक जोडली होती त्यांनी एक फाइल बदलली आणि ते मोकळे झाले. बाकीच्यांना आधी हेच शोधायचं होतं, की ती आपल्याकडे आहे कुठे? कुठल्या प्रोग्रामच्या पोटात तिचा तुकडा आहे याची यादी कोणाकडेच नव्हती.

त्यातून वाट सापडली ती लेखकांच्या एका सवयीमुळे. त्यांनी लायब्ररीच्या आत हक्काची एक ओळ ठेवली होती, आवृत्तीचा क्रमांक आणि लेखकाचं नाव. स्टॅटिक जोडलं तरी ती ओळ प्रोग्राममध्ये जाऊन बसते. लोकांनी डिस्कवरच्या एकेका फाइलमध्ये ती ओळ शोधायला सुरुवात केली. भांड्यावर नाव घातलेलं असलं की लग्नघरातून आपली परात परत मिळते ना, तसं.

यावरून ‘डायनॅमिक हेच सुरक्षित’ असा निष्कर्ष निघत होता, पण दोनच वर्षांत त्यालाही तडा गेला. सप्टेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या जीडीआय-प्लस या लायब्ररीत जेपेग चित्रं वाचतानाची गंभीर चूक जाहीर झाली. लायब्ररी डीएलएल होती, म्हणजे डायनॅमिक. पण डीएलएल हेलला कंटाळलेल्या प्रोग्रामरांनी ती आपापल्या फोल्डरमध्ये खासगी ठेवली होती. सिस्टिमची प्रत दुरुस्त झाली, खासगी प्रती तशाच राहिल्या, आणि कंपनीला त्या शोधण्यासाठी वेगळं साधन द्यावं लागलं. कागदोपत्री खानावळ, प्रत्यक्षात प्रत्येकाचा डबा. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि लोक प्रोग्रामबरोबर त्याच्या सगळ्या लायब्ऱ्या एका खोक्यात घालून पाठवू लागले, तेव्हा हाच प्रकार राजरोस झाला.

खानावळीच्या बाजूचा एक किस्साही सांगितला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. मेमरीतला मजकूर एका जागेहून दुसऱ्या जागी हलवणारं ‘मेमकॉपी’ नावाचं अगदी मूलभूत सबरुटीन आहे. नियम असा, की दोन्ही जागा एकमेकींवर चढत असतील तर ते वापरायचं नाही, त्यासाठी ‘मेममूव्ह’ आहे. पण चुकून वापरलं तरी वर्षानुवर्षं निभावत होतं. २०१० मध्ये लिनक्सच्या ग्लिब्सी लायब्ररीत ते अधिक वेगवान केलं गेलं, काही प्रोसेसरांवर मजकूर उलट्या दिशेने हलू लागला. झालं! फेडोरा १४ वर अडोबीच्या फ्लॅश प्लगइनमधून गाण्यांचा आवाज फाटून येऊ लागला. प्लगइनमध्ये नियम मोडलेला होता हे खरं, पण प्लगइनचा एक बाइटही बदललेला नव्हता. दुरुस्तीच्या चर्चेत स्वतः लिनस टॉरवाल्ड्स उतरले. त्यांचं म्हणणं असं, की वापरणाऱ्याला नियमाशी काय देणंघेणं, त्याचा आवाज बिघडला आहे. शेवटी ग्लिब्सी २.१४ मध्ये तोड निघाली. जुन्या प्रोग्रामांना जुन्या वागणुकीचं मेमकॉपी, नव्यांना नवं, दोघांना वेगळी आवृत्ती-चिठ्ठी. आणि या तोडग्यातून नवा त्रास जन्माला आला. नव्या लिनक्सवर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर नेला की तो ‘ग्लिब्सी २.१४ सापडत नाही’ म्हणून अडून बसू लागला.

असल्या कटकटींना कंटाळून पारडं पुन्हा फिरलं. बेल लॅब्जच्या प्लॅन ९ या प्रणालीत डायनॅमिक लिंकिंग मुळात ठेवलंच नव्हतं. तिथले रॉब पाइक आणि केन थॉम्पसन पुढे गूगलमध्ये गेले, रॉबर्ट ग्रिझेमर यांच्याबरोबर त्यांनी गो ही भाषा केली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर केली. गोमध्ये बांधलेला प्रोग्राम साधारणपणे एकच फाइल असतो, रनटाइम आत. उचलली, दुसऱ्या सर्व्हरवर टाकली, चालली. हजारो सर्व्हर सांभाळणाऱ्याला मेमरीपेक्षा ‘हे इथे चालतं आणि तिथे का नाही’ यात जाणारा माणसांचा वेळ महाग झालेला होता. ज्यांनी १९६९ मध्ये मल्टिक्सची ही युक्ती मागे सोडली, त्यांच्यापैकीच एकाने चाळीस वर्षांनी पुन्हा तेच केलं.

फक्त आता दुरुस्तीचा प्रश्न कोणी विसरू शकत नव्हतं. मार्च २०२२ च्या गो १.१८ पासून बांधलेल्या फाइलमध्ये आत कोणकोणत्या लायब्ऱ्या कोणत्या आवृत्तीच्या आहेत, कशा बांधल्या, याची तपशीलवार यादी वाचता येते. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२१ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षीय आदेशाने सरकारला सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडून अशा घटक-यादीची अपेक्षा ठेवली. बिस्किटाच्या पुड्यावर छापतात तशीच. मार्क अॅडलर यांच्या त्या ओळीचं हे सरकारी रूप म्हणा.

आणि खानावळीत विष कालवलं गेलं तर? तेही झालं. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केलं, की एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा आहे. त्यांना संशय आला तो एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून. गंमत अशी, की ओपनएसएसएच ही लायब्ररी वापरतच नाही. काही लिनक्स वितरणांनी त्यात सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती, आणि तिच्यामागून एक्सझेड आत आली. डायनॅमिक जोडणी करणारी यंत्रणाच वापरून तिने एसएसएचचं एक महत्त्वाचं फंक्शन आपल्याकडे वळवलं. ज्या सोयीमुळे एक फाइल बदलून सगळे दुरुस्त होतात, त्याच सोयीने एक फाइल बदलून सगळे बिघडवताही येतात.

आता आमचा पतसंस्थेचा प्रोग्राम. तो चालला. संस्थेने तो इतर शाखांतही नेला, कॉपी करून पेनड्राइव्हवर. एकच फाइल, कुठेही टाका, चालते. आम्हाला त्याचा अभिमान होता. रोजच्या बॅकअपची फाइल लहान व्हावी म्हणून त्यात आम्ही झेडलिब १.२.५ घातली होती, अर्थात स्टॅटिक. मार्च २०२२ मध्ये झेडलिबची १.२.१२ आली, आणि तिच्यात दुरुस्त केलेली एक चूक जुन्या आवृत्त्यांत कित्येक वर्षं पडून होती असं जाहीर झालं. आम्ही २००२ चा किस्सा व्याख्यानात सांगणारी माणसं. गप्प बसणं बरं दिसलं नसतं.

सोर्स सापडला. २०१० चा कंपायलर आमच्या एकाही यंत्रावर नव्हता, नव्यावर बांधताना तीन दिवस गेले. मग शाखांची यादी मागितली, तर ती संस्थेकडेही नव्हती, कारण प्रत कोणी कोणाला दिली हे कोणी लिहून ठेवलंच नव्हतं. फोन करत, तीच हक्काची ओळ शोधणारी छोटी स्क्रिप्ट पाठवत आम्ही नऊ संगणक गाठले. दोन ठिकाणी मात्र आम्हाला हात लावू दिला नाही. त्यातल्या एका शाखेत तेच मॅनेजरसाहेब होते, आता निवृत्तीला आलेले. "अहो, दहा वर्षांत एकदा बंद पडला नाही तुमचा प्रोग्राम," ते म्हणाले. "तेव्हा म्हणालात सगळं आणलंय. आता म्हणताय त्यातलं काहीतरी काढायचंय. राहू द्या की."

राहिला. त्या दोन संगणकांवर तो अजून झेडलिब १.२.५ घेऊनच चालतो.